शिगेचं माप

गणिताच्या पुस्तकातली माणसं सत्यभामाबाईला कधी पटली नाहीत. शेजारच्या गोमाजीची नात टीना संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं उदाहरणं वाचायची, आणि आत तांदूळ निवडता निवडता सत्यभामाबाईचं टाळकं सरकायचं. एक माणूस दोन नळ लावून हौद भरतो आणि खालचं भोक उघडंच ठेवतो. दुसरा चांगला शिशाचा गोळा वितळवून त्याच्या बारक्या गोळ्या करत बसतो. तिसरा विहीर खणतो, माती अंगणात पसरतो आणि लोकांना विचारतो, थर किती जाड झाला?

"त्याले घरी काही कामधंदा नाही का वं?" ती आतून ओरडायची. "आन् माती तुडवली का नुसती लोटली, ते तं सांगतच नाही मेला!"

टीना खुदकन हसायची. तिला शिकवायला बसलेली रूपा मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "टीना, इकडे लक्ष दे. वृत्तचितीचं घनफळ विचारलं आहे. सूत्र काय?"

ही रूपा सत्यभामाबाईची सून. पवनीच्या किराणा दुकानदाराची लेक, बी.एस्सी. झालेली. एकोडीत लग्न होऊन आली त्याला दीड वर्ष झालं होतं. रंगानं सावळी, बोलणं कमी, आणि मान खाली घालून ऐकून घेताना सुद्धा पाठ ताठ. ही ताठ पाठच सासूच्या डोळ्यात सलायची. कारण तशी पाठ त्या घरात आधीपासून एक होती, आणि दुसरीची गरज नव्हती.

सत्यभामाबाई दुसरी शिकलेली. तिसरीत बापानं शेळ्यांमागे धाडली. पण अंगठा तिनं कधी कुठल्या कागदावर उठवला नाही. चार अक्षरं गिरवायला पाव तास लागला तरी सही करायची, आणि समोरच्या बाबूला थांबवून ठेवायची. नवरा गेल्यावर धानाची शेती, दोन म्हशी आणि मनिष नावाचा एक लेक तिनं एकटीनं ओढत आणला. विसाच्या वर तिला मोजता येत नसे, म्हणून ती विसा-विसानं मोजायची. तीन विसा, सात विसा, दहा विसा. त्यात तिची कधी चूक निघाली नव्हती, आणि निघाली असती तरी काढायची छाती कोणाची होती?

दिवाळीनंतर रूपाचा बी.एड.ला नंबर लागला. भंडाऱ्याच्या कॉलेजात. शनिवारी जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोन वर्षं तिथं मावशीकडे राहायचं, शनिवार-रविवार घरी यायचं. रूपानं हे आधी नवऱ्याला सांगितलं. मनिषनं ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत ऐकलं आणि म्हणाला, "आई म्हणन तसं."

आई म्हणाली, "नाही."

"काहून पण?" रूपानं विचारलं. इतकं सरळ त्या घरात कोणी विचारत नसे.

"काहून म्हणजे? सून घरात पाहिजे म्हणून आणली. भंडाऱ्याले ठेवाची होती तं तिकडंच नसती का पाहिली मी?"

"दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, आई. मग इथंच साकोलीकडे शाळा मिळाली तर..."

"मिळाली तर! तुमच्या गणितात असतात ना तसं. असं झालं तर, तसं झालं तर." सत्यभामाबाईनं सूप आपटलं. "घरात बस, पोट्टीले शिकव. माही ना नाही."

खरं म्हणजे तिची त्या साऱ्या शिकण्यालाच ना होती. ती नवरात्राच्या आधीपासूनची होती आणि तिचं कारण ढोली होती.

आजकाल गावात सगळे पोत्यांत धान भरतात. सत्यभामाबाईच्या घरी मात्र अजून ढोली: बांबूच्या कमच्यांची विणलेली, माणसाच्या खांद्याइतकी उंच, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. दरसाल नवं धान यायच्या आधी ती लिंपायची. त्या वर्षी सत्यभामाबाई माती कालवायला बसली, तर रूपानं एका घमेल्याची माती ढोलीच्या अंगावर सारवली, ती जागा टेपनं मोजली, टीनाच्या वहीवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "आई, आठ घमेली कालवा. आठवं अर्धं उरेल."

"तुले कोणी सांगितलं?"

"पृष्ठफळ काढलं. आतलं, बाहेरचं, तळाचं. वरचं तोंड उघडं आहे, ते धरायचं नाही."

"तोंड धराचं नाही! बरं शिकवते बाप्पा तुमचं पुस्तक. तुही सासू ऐकून घेते म्हणून."

पण आठवं घमेलं अर्धं उरलं. गोमाजी बिडी ओढत अंगणात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या चाळीस वर्षांत कधी माती बरोबर पुरली नाही. कधी कमी, कधी ढीगभर जास्त. सून भारी हाय बरं का!"

एवढंच. पण ते वाक्य सत्यभामाबाईच्या तळव्यात काट्यासारखं मोडून राहिलं. वरून जागा दिसत नाही, आणि पाय टेकला की ठणकते.

तर आता शनिवार जवळ आला. रूपा जेवण नीट करेना, मनिष दोघींच्या मधून वाट काढत शेतावर पळायचा. चुरणं-मळणी झाली होती, नवं धान अंगणात ताडपत्रीवर पडलं होतं. गोमाजी मापासाठी आला. त्याच्या बापापासून या घरचं धान तेच मोजून देत. त्याला घरातलं वारं कळलं. म्हातारा मनानं बरा, तोंडानं सैल. तो म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या ना पोरीले. एवढं डोकं आहे तिचं."

"डोकं?" सत्यभामाबाई वळली. अंगणात टीना होती, मनिष होता, कुंपणापलीकडे दोन बाया भांडी घासत थांबल्या होत्या. "माती मोजली म्हणून डोकं? मातीले काय लागते! लक्ष्मी मोजून दाखव म्हणा." तिनं कोनाड्यातली धान मोजायची लोखंडी पायली उचलली आणि रूपाच्या पुढ्यात ठेवली. "ही पायली. ती ढोली. भरायच्या आधी सांग, किती पायल्यांनी तोंडोतोंड भरते. बरोबर निघालं तर शनिवारी जाय. मी सोता तुही पेटी बांधून देतो, गोमाजीभाऊजीसमोर सांगतो. नाही निघालं तं या घरात बी.एड.चं नाव काढाचं नाही. जमते?"

"आई," मनिष म्हणाला.

"तू चूप."

रूपानं ढोलीकडे पाहिलं, पायलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. "जमते," ती म्हणाली.

"पाच पायल्यांची सूट देतो. म्हणू नको सासूनं कोंडीत धरलं."

"सूट नको, आई."

बघा, ही पाठ! सत्यभामाबाईच्या मनात आलं. सूट नको म्हणते.

रूपानं पदर खोचला. टीनाची पट्टी पायलीत उभी करून खोली पाहिली, पंधरा सेंटिमीटर. आतून रुंदी चौदा. मग स्टूल लावून ढोलीत वाकली. ढोली विणलेली, कुठं फुगलेली, कुठं दबलेली. म्हणून तिनं रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी घेतली आणि सरासरी काढली. चौऱ्याऐंशी. उंची दीडशे. टीना तिच्या मागे मागे, जणू लग्नातली करवली. "काकू, बावीस सप्तमांश घेऊ का?" "इथं गरजच नाही," रूपा म्हणाली, "दोन्हीकडे सारखंच आहे, छेदून जाते. ढोली पायलीच्या सहापट रुंद आहे. सहा सक छत्तीस. उंची दहापट. छत्तीस दाहे?"

"तीनशे साठ!" टीना ओरडली.

"तीनशे साठ पायल्या, आई," रूपा म्हणाली. मग सासूला कळावं म्हणून, साधेपणानं, जराही टोमणा न मारता: "अठरा विसा."

सत्यभामाबाईनं पायली परत कोनाड्यात ठेवली. तिला त्या क्षणी कळून चुकलं होतं की सून हरली. आणि हेही कळत होतं की सुनेचं चुकलं नाही.

कारण त्या घरात मापाच्या दोन रीती होत्या. रोज ढोलीतून काढायचं ते सपाट: पायली भरायची, वरून हात फिरवायचा, काठाच्या वरचं खाली पाडायचं. पोटाला द्यायचं ते मापात द्यायचं. ही रीत रूपाला सत्यभामाबाईनंच लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवली होती, पहिल्यांदा तिनं माप वर उतू जाईल असं भरलं, तेव्हा मनगट धरून म्हणाली होती, "हात फिरव वं. बापाच्या दुकानात बसली का?" पण खळ्यातून ढोलीत धान येतं, तेव्हा हात फिरवायचा नसतो. येणाऱ्या लक्ष्मीचं डोकं कापायचं नसतं. तेव्हा पायलीवर धान थांबेल तितकं थांबू द्यायचं, वर टोक निघालं पाहिजे. ती शीग. शिगेसकट एक माप. रूपानं हे कधी पाहिलं नव्हतं. माहेरी सारं काट्यावर, आणि गेल्या हंगामात ढोली भरली तेव्हा ती पहिल्या दिवाळीला पवनीला होती.

मनिषनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि मग ताडपत्रीचा कोपरा सारखा करायला वाकला. तो कोपरा सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलीला हळदकुंकू लागलं. गोमाजीनं डोक्याला फडकं बांधलं, धानात पायली खुपसली आणि उचलता उचलता थांबला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "शीग लावाची का?"

ती संधी होती. गोमाजीनं ती हातात आणून दिली होती. सत्यभामाबाईला नुसतं म्हणायचं होतं, या वर्षी राहू द्या भाऊजी, सपाट मोजा. कुंपणापलीकडच्या बाया आज चार होत्या. रूपा ढोलीजवळ उभी होती, तिनं न्हाऊन नवं पातळ नेसलं होतं, जणू आजच निघायचं आहे. तेच पातळ पाहून सत्यभामाबाईचं मन घट्ट झालं.

"आजपर्यंत कधी नाही लावली?" ती म्हणाली. "का या वर्षी लक्ष्मी सावत्र झाली?"

गोमाजीनं पायली उचलली. वर पिवळंधमक टोक. "लाभ," तो म्हणाला, कारण पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. ढोलीत धान सळसळत पडलं. "दोन. तीन."

रूपाचे डोळे पायलीवर खिळले. "आई, हे वर..."

"माप चालू असताना बोलत नाहीत!" सत्यभामाबाई कडाडली. "मोजणी मोडते."

तीही खरीच रीत होती. त्या दिवशी साऱ्या रीती सत्यभामाबाईच्या बाजूनं होत्या.

 रूपानं मनिषकडे पाहिलं. मनिष पाटीत धान ओढून देत होता, मान खाली. ती किती वेळ त्याच्या टाळूकडे पाहत राहिली, ते फक्त त्याच्या आईनं पाहिलं. मग रूपाचं बोट पदराच्या आड हलायला लागलं. आकडे मांडत होती. थोड्या वेळानं बोट थांबलं. तिला उत्तर आलं होतं. पण तोंड उघडता येत नव्हतं, आणि गोमाजी मोजत चालला होता, आणि दर वीस मापांना खूण म्हणून एक मूठ धान भुईवर पडत होतं. सहा मुठी. दहा मुठी. टीना नखं चावत उभी होती. चौदाव्या मुठीला धान ढोलीच्या गळ्याशी आलं. सोळावी मूठ पडली आणि वर चार पायल्या गेल्या. पाचवी मावेना.

"सोळा विसा न् चार," गोमाजी म्हणाला. दरसाल तो मोठ्यानं सांगायचा. या वर्षी त्यानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"सांग बाई आता," सत्यभामाबाई म्हणाली. "तुह्या अठरा विसा. दोन विसाले चार कमी. हे तुमचं डोकं!"

"आता बोलू का?" रूपानं विचारलं.

"बोल ना."

रूपानं खाली उरलेल्या धानातून पायली भरली, शिगेसकट. झाडूची एक काडी टोकातून तळापर्यंत उभी घातली, टोकापाशी चिमटीत धरली, पट्टीवर ठेवली. "वीस. त्यातून पायलीची खोली पंधरा गेली, वर पाच सेंटिमीटर. ही शीग म्हणजे शंकू आहे. तेवढ्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश. म्हणजे नऊ शिगांची एक सपाट पायली होते." तिचा आवाज शाळेत फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईसारखा होता, शांत. "तुमच्या नऊ म्हणजे माझ्या दहा. सोळा विसा न् चार शिगेच्या, म्हणजे सपाट बरोबर अठरा विसा. हवं तर काढून मोजा. माझं उत्तर चुकलं नाही."

 टीना वहीवर पटापट करून म्हणाली, "हो आजी! तीनशे साठच येते!"

सत्यभामाबाईला वाटलं, या पोट्टीचं तोंड धरावं. "उत्तर नसन चुकलं," ती म्हणाली. "पैज काय होती? ढोली भरताना किती. भरली तुह्या समोर. सवाल करायच्या आधी रीत विचाराची असते."

"रीत तुम्हीच शिकवली होती. हात फिरव म्हणाल्या होत्या."

"ते काढाची. हे भराची."

रूपानं मान हलवली. भांडली नाही, रडली नाही. रडली असती तर सत्यभामाबाईचं काम सोपं झालं असतं; तिनं पाठीवर हात ठेवला असता, शनिवारची गोष्ट पुन्हा काढू दिली असती, कोणाला माहीत, आपणच म्हणाली असती की जा. ती तयार होती. तिला फक्त सुनेनं एकदा वाकायला हवं होतं.

"बरोबर," रूपा म्हणाली. "पैज हरली मी." आणि ते नवं पातळ बदलायला आत गेली.

शनिवार आला आणि गेला. त्या दिवशी रूपानं भाजी चिरली, म्हशीचं दूध काढलं, धुणं वाळत घातलं. रविवारी टीना वही घेऊन आली.

"काकू, शंकूच्या तंबूला कापड किती लागते, ते नाही येऊन राहिलं."

"मलाही नाही येत, टीना," रूपा चुलीजवळून म्हणाली. "घरी कोणाला विचार."

"तुम्हाले नाही येत? तुम्हीच तं..."

"मी रीत विचारत नाही ना. चुकते."

टीना ओसरीवर थोडी घुटमळली. सत्यभामाबाई म्हणाली, "बस वं, वाच तं खरं. काय म्हणते तुहा तंबूवाला?" टीनानं वाचलं. सत्यभामाबाईनं ऐकलं. तंबू किती उंच, घेर किती, तिरपी बाजू किती. टोमणा मारायला चांगली जागा होती, एवढ्या लहान तंबूत राहणार कोण. पण आतून कोणी "इकडे लक्ष दे" म्हणालं नाही, म्हणून टोमण्यात काही दम उरला नाही. पोरगी वही मिटून गेली. पुढं ती एकोडीच्याच कोणा मास्तराकडे जायला लागली.

घराला काही झालं नाही. उलट इतकं बिनबोभाट घर सत्यभामाबाईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सांगितलेलं काम व्हायचं, सांगितलं तेवढं. गावात बाया म्हणायच्या, सत्यभामा, नशीबवान हाय तू, सून उलटून बोलत नाही. हो, ती म्हणायची, माही सून म्हणजे सून हाय.

ताटाचं तिच्या लक्षात यायला आठ-पंधरा दिवस लागले. आधी रूपा भात वाढायची तो असा मोकळा, ताटात टेकडीसारखा, वर डाळ घातली की चारी बाजूंनी ओघळणारा. आता भात वाटीनं यायचा. वाटी भरायची, उलथण्याची पाठ वरून फिरायची, काठाच्या वरचं पातेल्यात परत पडायचं, आणि ताटात भाताचा सपाट तुकडा, कापल्यासारखा. डाळ काठापर्यंत. चहा कपाच्या रेघेपर्यंत. संक्रांतीला तिळगूळ केला तेव्हा सासूच्या तळहातावर एक लाडू ठेवला, आणि वाकून नमस्कार केला, एक. कमी काहीच नव्हतं. कोणाला बोलून दाखवावं असं बोट ठेवायला जागाच नव्हती.

"भात वाढ वं अजून," सत्यभामाबाई एकदा मुद्दाम म्हणाली.

रूपानं वाटी भरली, हात फिरवला, दुसरा तुकडा पहिल्याच्या बाजूला ठेवला.

"पुरे?"

उन्हाळ्यात पुन्हा बी.एड.चे फॉर्म निघाले. गोमाजी सांगून गेला. सत्यभामाबाई दोन दिवस घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना, मनिष समोर असताना, ताटाकडे बघत म्हणाली, "फॉर्म निघाले म्हणतात. भरून टाक या वर्षी. म्हशीचं मी पाहीन."

उभ्या जन्मात एवढं वाकून ती कोणाशी बोलली नव्हती. तिला वाटलं, आता तरी ही वर बघेल.

"पैज झाली ना, आई," रूपा म्हणाली. "या घरात नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. गोमाजीकाकांसमोर."

"मी म्हणतो ना आता."

"तुम्ही शब्दाच्या पक्क्या, सारं गाव म्हणते. माझ्यासाठी कायले मोडता?"

मनिषनं पाणी प्यायलं. "आई म्हणते तं भर ना," तो म्हणाला.

रूपानं त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. तिनं त्याच्यासाठी वाटी भरली, उलथण्याची पाठ फिरवली आणि भात त्याच्या ताटात उलटा केला. तो लगेच कालवून खायला लागला. त्याला भात पुरत होता. त्याला कधी काही दिसलंच नाही, तसं आताही दिसलं नाही.

सत्यभामाबाईनं आपल्या ताटातला सपाट भात बोटांनी मोडला. मधे जरा उंच केला, टोक निघतं का पाहिलं. शिजलेल्या भाताची शीग थांबत नाही. तो पसरला. ती जेवायला लागली.